द्वारपालकाची एकादशी

व्यासराजरावांचा जगात एकाच वस्तूवर विश्वास होता, आणि ती म्हणजे कुलूप. तेसुद्धा ओढून बघितल्यावर. बेळगोळच्या एका कारखान्यात ते स्टोअर्स ऑफिसर होते. पाळी सुटली की गेटवर उभे राहायचे आणि कामगारांना जेवणाचे डबे उघडायला लावायचे. चटणीखाली नट-बोल्ट दडवलेत का, ते चमचा घालून बघायचे. सगळ्या नोकरीत त्यांना एकही बोल्ट सापडला नाही. दुसरा कोणी असता तर लाजून गप्प बसला असता. ह्यांनी त्यावरून ठरवलं, की चोर फारच हुशार आहेत.

रिटायर झाले आणि डबे संपले. मग चामुंडीपुरमच्या घरात तेच काम सुरू झालं. नारळांवर नजर ठेवून झाली, गॅसवर झाली, आणि शेवटी नजर पडली ती इंटरनेटवर. घरच्या वायफायला महिन्याचा ठरलेला डेटा होता. तो संपला की स्पीड बसायचा, आणि महिनाअखेरीला सकाळच्या प्रवचनात स्वामीजींचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. व्यासराजरावांच्या लेखी ह्याचा अर्थ एकच होता. घरात चोर आहे.

त्यांना भावजी म्हणायचा मान भुजंगचा. भुजंग म्हणजे त्यांच्या बायकोचा, जयलक्ष्मीचा, धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली तरी त्याला भुजंगराव फक्त पोस्टमन म्हणायचा. अग्रहार सर्कलपाशी तो जुन्या स्कूटरींची दलाली करायचा. कुठल्या गाडीवर नुसता रंग चढवलाय आणि कुठली खरंच पळेल, हे तो किक मारायच्या आधी सांगायचा. पण त्याचा जीव रमायचा तो दुसऱ्याची फिरकी घेण्यात, आणि त्यातही भावजींची. एकदा त्यानं भावजींना पटवलं होतं, की हेल्मेटला वर्षातून एकदा सर्व्हिसिंग लागतं. हेल्मेट घेऊन गेला, आठवडाभर स्वतः वापरलं, पुसून परत आणून दिलं. भावजींनी ते डोक्यावर चढवलं आणि म्हणाले, आता हलकं वाटतंय. तेव्हापासून भुजंगला हा माणूस म्हणजे देवानं खास आपल्यासाठी पाठवलेलं खेळणं वाटायचं.

चोर पकडायचं यंत्रही भावजींनी स्वतःच तयार करायचं ठरवलं. मुलगा शशांक नोकरीवर जर्मनीला गेला तेव्हा एक जुना लॅपटॉप मागे ठेवून गेला होता. भावजींनी इंटरनेटवर नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ बघितले आणि स्क्रिप्ट लिहायला घेतली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली हुकमांची चिठ्ठी. ही चिठ्ठी इंटरनेटचा आकडा वाचणार, सूर्योदयापासून आत्तापर्यंत किती डेटा गेला ते दाखवणार. सूर्योदयापासून, कारण मध्यरात्रीचा दिवस इंग्रजांचा आणि भावजींचा दिवस पंचांगाचा. स्क्रिप्टचं नाव ठेवलं द्वारपालक. नाव ठेवायलाच दोन सकाळी गेल्या.

भुजंग रोज कॉफीच्या वेळेला हजर राहू लागला. सर्कसचा तंबू गावात असताना घरी कोण बसतो.

पहिल्याच दिवशी द्वारपालकानं मालकालाच अडवलं. स्क्रीनवर आलं, परमिशन डिनाइड. भावजी लालेलाल झाले.

"माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मला परमिशन नाही म्हणतो हा."

भुजंगनं तोंड गंभीर ठेवून सांगितलं, की गेटवरच्या माणसानं साहेबाला ओळखू नये हे चुकीचंच, पण शिस्तीचा आहे बघा, अगदी तुमच्यासारखा. भावजींना हे आवडलं. टोमणा त्यांच्या डोक्यावरून गेला, पण त्यांच्या डोक्यावरून जायला कशालाच उंच उडावं लागत नसे.

मग व्हिडिओ. परमिशन कशी द्यायची ते एक पोरगा इंग्लिशमध्ये समजावत होता. भावजी तो पुढे न्यायचे, मागे आणायचे, पुन्हा पहिल्यापासून लावायचे. अक्षरं बारीक दिसतात म्हणून सगळ्यात वरच्या क्वालिटीत, पूर्ण स्क्रीन भरून. परमिशन मिळाली, तर पुढचं दुखणं आलं. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना भावजींनी ऐसपैस जागा सोडली होती, स्टोअर्सच्या रजिस्टरात सोडायचे तशी. कॉम्प्युटरला तिथे जागा चालत नाही. तो म्हणाला, कमांड नॉट फाउंड. भावजी म्हणाले, सापडत नाही म्हणजे कोणीतरी नेली. सून लॅपटॉपजवळून गेली होती का, ह्याची चौकशी झाली. मग पुन्हा व्हिडिओ, पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

शेवटी एकदाचा आकडा आला. त्याच दिवशी वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो पटकन बंद पडला. वीज आल्यावर कॉम्प्युटरचा मोजायचा आकडा पुन्हा शून्यापासून सुरू झाला, आणि द्वारपालकानं त्यातून सकाळचा आकडा वजा करून उत्तर दिलं ते मायनसमध्ये. भावजींनी चष्मा पुसला. मायनस म्हणजे घरातून डेटा गेला तर नाहीच, उलट आला. स्टोअर्समध्ये अशी नोंद त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"भावजी, चोराला पश्चात्ताप झाला असेल," भुजंग म्हणाला. "माल परत आणून ठेवला."

भावजींनी विचार केला आणि मान हलवली. "शक्य आहे. पकडले जाणार म्हणून घाबरलाय."

भुजंगला त्या वेळी मागीलदारी जाऊन तोंडावर पाणी मारून यावं लागलं.

मायनसचं दुखणं दुरुस्त करायला सगळ्यात जास्त व्हिडिओ लागले. पण त्यानंतर द्वारपालक खणखणीत चालू झाला, आणि आकडे बघून भावजींचा ऊर भरून आला. रोज वाढत होते. भावजी जितके जास्त वेळ पहाऱ्याला बसतील, तितकी चोरी मोठी.

"बघ," ते भुजंगला म्हणाले, "मी पहारा वाढवला तसा त्यानं हात वाढवला. मुद्दाम मला आव्हान देतोय."

भुजंग कानडीत नुसता हौद हौद, म्हणजे होय होय, करत कॉफी प्यायला. त्यालाही तेव्हा काही कळलं नव्हतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी गणित चुकलंय, आणि चुकलेलं गणित फुकट बघायला मिळतंय.

ह्यात मजा नव्हती ती फक्त सहनाला. सहना म्हणजे शशांकची बायको. वरच्या खोलीत बसून ती परदेशातल्या मुलांना इंटरनेटवरून वीणा शिकवायची, सकाळी एक घोळका, संध्याकाळी एक. स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं काम. मोबाइलच्या डेटावर सूर तुटायचा, म्हणून तिनं वरती वेगळं कनेक्शन घ्यायचं म्हटलं, तर सासऱ्यांनी सांगितलं, माझ्या भिंतीला भोक पडणार नाही. आणि आता चोर म्हणून त्यांचं बोट तिच्याकडेच वळत होतं, कारण घरात दुसरं होतं कोण? जयलक्ष्मी फोनवर फक्त बहिणींशी बोलायची.

एका संध्याकाळी भुजंग निघाला तेव्हा सहना पायरीवर बसली होती. ती म्हणाली, मामंजी वायफायचा डबा त्यांच्या कपाटात ठेवणार आहेत. सकाळी प्रवचनापुरता उघडणार आणि मग कुलूप.

"मामा, एकेक पालक धरून धरून क्लास जमवलाय मी. चार दिवस बंद पडला तर ती मुलं दुसरीकडे जातील. परत येत नाहीत कोणी."

"काळजी करू नकोस गं," भुजंग म्हणाला. "द्वारपालकाला मी बघतो."

बघतो म्हणजे काय, ते त्यानं घरी जाताना स्कूटरवर ठरवलं. साधं होतं. भावजींच्या आकड्याला असं वेड लावायचं, की यंत्र बिघडलंय अशी त्यांचीच खात्री पटेल. दुसऱ्या सकाळी भावजी स्नानाला जाऊन पूजेला बसले, तसा हा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर लोळला, आपला फोन घरच्या वायफायला जोडला आणि क्रिकेटची जुनी मॅच लावली, सगळ्यात वरच्या क्वालिटीत. एक संपली तशी दुसरी. पूजा लांबली, घंटा झाली, तीर्थ झालं. भावजी ओल्या पंच्यानं येऊन लॅपटॉपसमोर बसले आणि द्वारपालकाला हाक दिली. भुजंग डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता, आता म्हातारा किंचाळणार.

आकडा पूजेआधी होता तिथेच होता.

भुजंगला वाटलं, आपला फोन नीट जोडला नसेल. बघितलं तर जोडलेला, मॅच अजून पळतेय. इतक्यात भावजींनी कुठलीशी नवी शंका काढली आणि व्हिडिओवाल्या पोराला लावलं. पोरगा बोलला, थांबला, मागे गेला, परत बोलला. भावजींनी पुन्हा द्वारपालकाला विचारलं. आकड्यानं टुणकन उडी मारली.

"आत्ता," भावजी कुजबुजले. "आत्ता ह्या क्षणी कोणीतरी ओढतंय. वरती आहे ना ती?"

सहना वरती नव्हती. ती देवराज मार्केटात भाजी आणायला गेली होती, पण भुजंगनं ते सांगितलं नाही. त्याच्या डोक्यात दिवा लागला होता. धंदाच मीटरांचा. स्कूटरीचा मीटर ज्या स्कूटरीला बसवलाय, तिच्याच चाकाचे किलोमीटर सांगतो. शेजारची गाडी कितीही हिंडून आली तरी ह्याचा काटा हलत नाही. द्वारपालक बसलाय लॅपटॉपमध्ये. तो घराचा हिशेब सांगतच नव्हता. भावजींचा सांगत होता, एकट्या भावजींचा. चोर पकडायचे व्हिडिओ बघून बघून चोर मोठा होत होता. डब्यात चमचा घालून बोल्ट शोधणाऱ्या ह्या माणसानं इतक्या दिवसांनी पहिल्यांदा खरा चोर पकडला होता, आणि रोज सकाळी आरशात त्याची दाढी करत होता.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथे संपली असती. भुजंगनं स्वतःला समजावलं, की सांगून उपयोग नाही, स्कूटर विकणाऱ्यानं मला शिकवू नये म्हणतील आणि डबा कपाटात घालतीलच. कारण खोटं नव्हतं. पण त्याहून खरं कारण हे, की असलं फळ पिकायच्या आत झाडावरून काढायला त्याचा हात होईना.

त्यानं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "भावजी, सुम्ने, उगाच रोज रोज आकडे बघून काय होणार? घरात तीन माणसं, तीन फोन. कोणाचं किती, कसं कळणार? आता प्रथमएकादशी, आषाढातली मोठी, आली. तुम्ही अन्नपाणी सोडता. तसंच इंटरनेटही सोडायला लावा सगळ्यांना. त्या दिवशी आकडा हलला, तर ज्यानं हलवला तो..."

पुढचं भावजींनीच पूर्ण केलं. त्यांना असं काही सुचवलं की पुढचं ते नेहमी स्वतःच पूर्ण करायचे, आणि मग ते त्यांचंच असायचं. संध्याकाळपर्यंत नियम तयार झाला. एकादशीच्या सूर्योदयापासून द्वादशीच्या सूर्योदयापर्यंत घरात इंटरनेटचा उपास. सगळ्यांचे फोन बंद करून देवासमोरच्या परातीत. आणि ज्याच्यामुळे आकडा हलेल, त्याला चातुर्मास संपेपर्यंत वायफाय बंद. चातुर्मासात भाजी सोडायची, दही सोडायचं, दूध सोडायचं, डाळी सोडायच्या, ही आपली चार व्रतं. हे पाचवं, असं भावजी म्हणाले, आणि आवाजात असा काही सूर होता की जणू ते आत्ताच मठाकडून मंजूर होऊन आलंय. चुलतभाऊ वेंकटेशरावांना त्यांनी फोन करून पारण्याला बोलावलं. वेंकटेशरावांची मठात ऊठबस, तोंडही जरा मोकळं, म्हणजे निकाल गावभर पोचायची सोय.

सहनाला कळलं तेव्हा ती थेट भुजंगच्या स्कूटरीसमोर येऊन उभी राहिली.

"हे तुम्ही सुचवलंत?"

"हौद."

"माझा एकादशीचा क्लास बुडणार. आणि मी काही केलं नाही तरी आकडा येणार, रोज येतोच. मग चार महिने बंद. हे बघतो म्हणालात ना, हेच बघणं?"

भुजंगनं तिला सांगितलं, की फोन परातीत टाक, वीणा गवसणीत घाल आणि मजा बघ. ती त्याच्याकडे बघत राहिली. ती नजर फार प्रेमाची नव्हती. पण भुजंगला इतक्या वर्षांत अशा नजरांची सवय होती, आणि तोंडातलं पान थुंकून तो निघाला.

एकादशीला भावजी पहाटे उठले, फोनांची परात भरली, द्वारपालकाची मोजणी त्या सूर्योदयापासून निकालापर्यंत सलग बांधून लॅपटॉप उघडा ठेवला आणि मठात जाऊन तप्तमुद्रा घेऊन आले. दोन्ही दंडांवर शंखचक्राचे ताजे ठसे, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि दिवस समोर आडवा पडलेला. उपासाच्या दिवशी माणसानं काय करायचं? नामस्मरण करायचं. भावजींनी बसल्या बसल्या द्वारपालकाला हाक दिली. मठात जाऊन येईस्तोवर आकडा जवळजवळ जिथल्या तिथे. त्यांना बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटलं. चोर नाही म्हणजे काय? यंत्र झोपलं असणार. यंत्र झोपलंय का, ते बघायला त्यांनी व्हिडिओवाल्या पोराला लावलं.

हा उपभोग नव्हे, दुरुस्ती आहे, असं त्यांनी जयलक्ष्मीनं न विचारताच तिला सांगितलं. ती भिंतीला टेकून वाती वळत होती.

व्हिडिओ झाला, आकडा हलला, भावजी ताठ झाले. म्हणजे यंत्र जागं आहे आणि चोरही. आता चोराची रीत समजून घ्यायला हवी. मग दुसरा व्हिडिओ, मग त्या पोराच्या गुरूचा व्हिडिओ, मग कोणा गोऱ्या माणसाचं लांबलचक भाषण. मध्ये तहान फार लागली तेव्हा मन रमवायला प्रवचन, तेही सगळ्यात वरच्या क्वालिटीत. दुपारभर, संध्याकाळभर. घरात सगळ्यांचे फोन परातीत मुके पडलेले, सून वरती गवसणीतल्या वीणेशेजारी भिंतीकडे बघत बसलेली, आणि खाली उपासाचा पहारेकरी एकटा मेजवानी झोडत बसलेला. भुजंग संध्याकाळी देवाला नमस्कार करायच्या निमित्तानं डोकावून गेला. आकडा बघून त्याला इतका आनंद झाला, की परातीसमोर त्यानं साष्टांग घातला.

द्वादशीला सकाळीच पारणं झालं. शाकव्रत लागलेलं, म्हणून पानात भाजी नाही. मुगाची डाळ, पायस, आंब्याचं सासव. वेंकटेशराव बायकोसकट आले होते आणि उपाशी माणसाच्या निष्ठेनं जेवत होते. हात धुवून सगळे बाहेरच्या खोलीत बसले तसे भावजी उभे राहिले. रिटायर झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना भाषण करू दिलं नव्हतं. ते आज झालं. विश्वास, शिस्त, संस्कार, हल्लीच्या मुली. मग लॅपटॉप सगळ्यांकडे वळवून त्यांनी द्वारपालकाला शेवटची हाक दिली.

नऊ जीबी.

वेंकटेशरावांना जीबी किती मोठा असतो ते ठाऊक नव्हतं, पण भावजींचा आवाज ऐकून त्यांनी भुवया वर नेल्या.

"सगळे फोन परातीत," भावजी म्हणाले. "म्हणजे कोणाकडे तरी दुसरा फोन आहे. लपवलेला. शशांक तिकडे परदेशात राबतोय आणि इथे भर एकादशीला..." पुढे त्यांनी नुसतं सहनाकडे बघितलं. गेटवर डबा उघडायला लावताना बघायचे तसं. "डबा आजपासून कपाटात. चातुर्मास संपेपर्यंत."

सहनाचा चेहरा पांढरा पडला होता. पण तिनं मान खाली घातली नाही.

"भावजी," भुजंग म्हणाला, "निकाल बरोबर आहे. फक्त पंचांसमोर एकदा खुंटा हलवून बघू. सहना, परातीतून तुझा फोन घे. वायफाय लाव. तुझ्या क्लासचा एखादा व्हिडिओ असेल तो मोठ्यानं लाव. तोवर भावजी, तुम्ही लॅपटॉपला हात लावायचा नाही."

भावजींना ह्यात चोराची कबुली दिसली असावी. ते हात मागे बांधून उभे राहिले. सहनानं फोन लावला. वीणेवर वर्णम् वाजू लागलं. सगळ्यांनी ते पूर्ण ऐकलं, वेंकटेशरावांनी मांडीवर तालही धरला. मग भुजंगनं भावजींना द्वारपालकाला हाक द्यायला लावली.

नऊ. पुढचे बारीक आकडेसुद्धा जवळपास तेच.

"आता सहना, बंद कर. भावजी, तुमचा तो पोरगा लावा."

पोरगा आला, हॅलो फ्रेंड्स म्हणाला आणि बरोबरच्या चिन्हाबद्दल बोलू लागला. थोड्या वेळानं पुन्हा हाक. आकड्यानं सगळ्यांसमोर उडी मारली. इतक्या वर्षांच्या सवयीनं भुजंगला ठाऊक होतं, की विनोद पिकलेला असला की त्याला हात लावायचा नसतो, तो आपोआप पडतो.

तो पाडला वेंकटेशरावांनी. त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता म्हणूनच बहुतेक त्यांना सगळ्यात आधी कळलं.

"म्हणजे व्यासा, हा तुझाच आकडा मोजतो. एकादशी तूच मोडलीस."

"तसं नाही," भावजी म्हणाले. "ह्यात वायरलेस असं स्पष्ट लिहिलंय. वायरलेस म्हणजे घराचं वायफाय."

"लॅपटॉपचं," सहना म्हणाली. "लॅपटॉपला वायफाय घ्यायचं जे तोंड असतं, त्यातून किती आत गेलं तेवढंच."

"स्क्रिप्टमध्ये काहीतरी चूक राहिलीय. मी एक व्हिडिओ..."

वेंकटेशरावांची बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. तिथून जे ऐकू आलं ते खोकला म्हणून खपण्यासारखं नव्हतं. भावजी मेहुण्याकडे बघू लागले, मदतीला. जन्मभर ज्यानं मामा बनवलं त्याच्याकडेच मदतीला बघायचं, हेही त्यांनाच जमावं. भुजंगनं अत्यंत दुःखी चेहरा करून दाखवला.

मग जयलक्ष्मी उठली. भिंतीपाशी जाऊन तिनं वायफायचा डबा खिळ्यावरून काढला, वायर गुंडाळली आणि सुनेच्या हातात दिला.

"वरती नेऊन लाव," ती म्हणाली. "अहो, नियम तुम्हीच केला ना? ज्यानं आकडा हलवला त्याला चातुर्मास संपेपर्यंत नाही. वेंकटेशभावजी साक्षी आहेत."

"पण माझं प्रवचन?"

"मठात चाललंय ना रोज. जाऊन ऐका. पायही मोकळे होतील."

डबा वरती न्यायला वायर पुरेना, तेव्हा भिंतीला भोक पाडायला दुपारी माणूस आला, आणि डबा लागला तसा सहनानं पासवर्डही बदलून टाकला. भावजी मागीलदारी जाऊन नारळ मोजत बसले होते.

भुजंग निघताना सहनाला म्हणाला, की बघ, म्हणालो होतो ना, मजा बघ. त्याला वाटलं होतं ती हसेल. ती जिन्यावर उभी होती, हातात वीणेची गवसणी.

"कळलं कधी तुम्हाला, मामा?"

भुजंगनं खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण गमतीत तोंडातून खरंच गेलं. पूजेच्या दिवशीच, त्यानं सांगितलं, आणि मॅचची गोष्टही रंगवून सांगितली.

"म्हणजे माझा क्लास बुडाला तो त्यांच्यामुळे नाही. तुमच्यामुळे. दोन मुलं गेली त्यात." तिनं गवसणी काखेत घेतली. "ते मूर्ख आहेत. तुम्ही नाही आहात. म्हणून तुम्हाला जास्त वाईट म्हणायला हवं."

भुजंग हसला. दुसरं काय करणार? हे हसणं नेहमीसारखं पोटातून आलं नाही, एवढं त्यालाही कळलं. मग तो म्हणाला, बरं, रागाव, पण नवा पासवर्ड तेवढा सांग, मॅच बघायला लागतो. ती वरती गेली आणि दार लावून घेतलं. आतून वीणा जुळवायचा आवाज आला.

दुसऱ्या सकाळी कॉफीच्या वेळेला भुजंग आला, तेव्हा त्याला खरंच वाटत होतं की सर्कस उठली. पण भावजी लॅपटॉपसमोर बसलेले, कपाळावर ताजा अंगारा, चेहऱ्यावर असं तेज की जणू मठानं मानपत्र दिलंय. त्यांनी लॅपटॉप रात्री बंद करून सकाळी उघडला होता. त्याला आता नवा पासवर्ड ठाऊक नव्हता, म्हणून तो कुठल्याच वायफायला जोडलेला नव्हता, आणि भावजींना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी भुजंगचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं आणि द्वारपालकाला हाक दिली.

शून्य.

"बघ," व्यासराजराव म्हणाले. "कालच्या सभेचा परिणाम. एक थेंब नाही. मी कसा का होईना, चोरी बंद केली की नाही?"

भुजंगनं आकड्याकडे बघितलं, मग भावजींकडे. वरच्या खोलीतून मुलांच्या आवाजात सा रे ग म येत होतं, कुठल्या कुठल्या देशांतून, एका सुरात.

"केलीत, भावजी," तो म्हणाला. "जन्मात पहिल्यांदाच."

भावजींनी मान डोलावली आणि जयलक्ष्मीला सांगितलं, वेंकटेशला फोन लाव, त्यालाही येऊन बघून जाऊ दे.